बेंबीच्या डावीकडे

बेंबीच्या डावीकडे कातडी किंचित उचललेली होती, अर्ध्या लिंबाएवढी. डॉक्टरबाईंनी ती बोटाने दाबली. गाठ रबरासारखी दबली आणि परत वर आली.

"दुखतं?"

"नाही," शिंपी म्हणाला. "तिथे काहीच कळत नाही."

"त्यांना कशाचंच काही वाटत नाही," खुर्चीतून त्याची बायको म्हणाली. "आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवून वाढवून दुप्पट केलं, तरी साखर तीनशेच्या खाली येत नाही. म्हणून तर तुमच्याकडे पाठवलं. ताटात सगळं मी मोजून वाढते. मग ही साखर येते कुठून? मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जगाला दिसतंच ना! कपाटाला कुलूप घातलं. खिसे तपासते. आता तर नातीला सांगून ठेवलंय, आजोबा बाहेरून आले की तोंडाचा वास घे." ती हसली. "ती त्यांना बिस्किटचोर म्हणते."

शिंपी तपासणीच्या टेबलावर छताकडे बघत पडून राहिला.

"इंजेक्शन कोण देतं?"

"मीच. यांच्यावर सोडलं तर घेतल्यासारखं करतील. इन्सुलिनचं पेनसुद्धा माझ्या पर्समध्ये असतं."

"कुठे टोचता?"

"इथेच की." तिने गाठीकडे बोट केलं. आवाज जरा मऊ झाला. "दुसरीकडे टोचलं की कळवळतात. इथे बिचाऱ्यांना त्रास होत नाही."

डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला. एकाच जागी वर्षानुवर्षं सुई गेली की तिथे चरबीची गाठ होते, त्यांनी सांगितलं. ती जागा बधिर होत जाते. तिथे टोचलेलं इन्सुलिन रक्तात धड पोचत नाही.

"म्हणजे... हे चोरून खात नव्हते?"

"साखर वाढायला त्यांनी काही खायची गरजच नव्हती. औषधच पोचत नव्हतं."

बायको उठली. पुन्हा बसली.

"अहो, मग बोलायचं तरी!"

"बोललो होतो. तू म्हणालीस, चोराच्या उलट्या बोंबा."

तिने पदराने डोळे पुसले. मग रडतारडताच हसून म्हणाली, "जाऊ दे, बाई. सुंठीवाचून खोकला गेला. आजपासून कपाट उघडं. नातीलाही मीच समजावते."

डॉक्टरबाईंनी सरावाचं पेन काढलं आणि तिला जवळ बोलावलं. दर वेळी जागा बदलायची. आता औषध नीट पोचेल, म्हणून डोस कमी करायचा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येईल. बायको मान डोलावत लक्ष देऊन ऐकत होती. शिंपी उठून बसला. त्याने शर्टाची बटणं लावली आणि दोघींच्या मध्ये हात पुढे केला.

"हे मला शिकवा."

"तुम्हाला कशाला? मी आहे ना!"

त्याने पेन घेतलं. सुईचं टोक उजेडात धरून पाहिलं. मग बायकोकडे वळला. आवाज चढलेला नव्हता.

"चोर ठरून घराबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबलो होतो. आता मी धाकट्या भावाकडे राहायला जातोय."