साहेब येणार म्हणून

“पांढरा रंग नका घेऊ ताई. मागच्या फाउंड्रीचा धूर इथं पांढरं काही ठेवत नाही,” असं रंगारी म्हणाला होता, तेव्हा केतकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता दीड वर्षांच्या लेकीला रोज मशीनवर वाफ द्यावी लागत होती. धूर गाळणारं यंत्र कारखाना वीजबिल वाचवायला बंद ठेवतो, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. केतकीने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली आणि पुरावा म्हणून खिडकीतली काजळी पुसूच दिली नाही.

अखेर तपासणीचा निरोप आला. लेकीला डॉक्टरांना दाखवून परतताना केतकीला अधिकारी जिन्यातच भेटले. त्यांना घेऊन ती वर आली, तर खिडकी लख्ख आणि दारात रांगोळी!

“अगं, सरकारी माणूस येणार म्हटल्यावर घर काय तसंच ठेवायचं?” सासूबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली.

निरोप कारखान्यालाही गेलाच होता. आज यंत्र चालू होतं, आकाश निळंशार.

“सगळं मर्यादेत आहे मॅडम. परवान्याला हात लावण्यासारखं काही नाही,” अधिकारी पोहे संपवत म्हणाले.

संध्याकाळी चिमणी पुन्हा काळं ओकू लागली. केतकी लेकीला घेऊन माहेरी निघाली आहे. सासूबाई घर सोडायला तयार नाहीत. पदराआड खोकतात आणि ठसका लागला म्हणतात. म्हणून भेटेल त्याला ती सांगते आहे, तुम्हालाही सांगते: जाता-येता आमची बेल वाजवा. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणतील. तरी घटकाभर बसा, त्यांना बोलतं करा आणि धाप लागतेय का तेवढं बघा.