चार सभासद

"हे चौघं तुमचे कोण, काका?" ग्रंथपालबाईंनी रजिस्टर लेखकापुढे सरकवलं.

लेखकाने चष्मा पुसला, घातला आणि वाचलं. सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी, दोनशे बारा, एक हजार चाळीस, तेराशे सदुसष्ट. मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने स्वखर्चाने छापलेली एकुलती एक कादंबरी दोन वर्षांत सदतीस वेळा वाचनालयाबाहेर गेली होती, आणि दर खेपेला ती या चौघांपैकीच कुणीतरी नेली होती.

"समितीचं म्हणणं असं की ही तुमची घरची माणसं. न वाचलेली पुस्तकं आम्ही बाद करतो, म्हणून तुम्ही पुस्तक आपलं गोल गोल फिरवत ठेवलंय."

"मॅडम, घरची माणसं वाचत असती तर मी पुस्तक कशाला छापलं असतं? बायकोने मुद्रितं तपासायला घेतली होती. अकराव्या पानावर तिचा डोळा लागला. पुढचं तपासलंच गेलं नाही."

"मग हे कोण?"

"देवाशपथ, ठाऊक नाही."

बाईंच्या हाताशी 'बाद' असा शिक्का आणि शाईची डबी तयार होती. आरोप झाला की माणसाने मान खाली घालावी अशी रीत आहे. लेखकाने घालूनही पाहिली, पण ती राहीना. चौघं! नात्यातलं कुणी नाही, कुणाला भिडेखातर प्रत दिलेली नाही, आणि तरी सदतीस वेळा!

तेवढ्यात खिडकीशी एक नर्स आली. रुग्णालयातली पाळी संपवून थेट आलेली, पायांत कापडी बूट, खिशात लाल पेन्सिल. तिने ती कादंबरी टेबलावर ठेवली.

"अठ्ठ्याऐंशी. जमा करा. आता हिरवीची पाळी."

"हिरवी कोण?" बाईंनी विचारलं.

"ते मला काय माहीत? मी लाल."

बाईंनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पान एकशे बारावर समास शिल्लकच नव्हता. लाल, हिरवी, केशरी आणि साधी शिसाची, अशा चार पेन्सिली चारी बाजूंनी भांडत होत्या.

"अहो बाई, वाचनालयाचं पुस्तक आहे हे! असं रंगवलेलं पुस्तक तर मला लगेच बाद करावं लागतं."

"मग काय करणार? प्रश्नच तसा आहे. अठ्ठ्याण्णव पानावर लिफ्टमनचा पाय मोडतो, प्लास्टर घालतात. आणि एकशे बारावर, दुसऱ्याच दिवशी, तो सात मजले जिना चढून जातो. का?"

लेखकाने पुढे वाकून पान पाहिलं. का म्हणजे काय? अठ्ठ्याण्णव पान त्याने हिवाळ्यात लिहिलं होतं आणि एकशे बारा उन्हाळ्यात. मधल्या काळात तो पाय विसरला होता.

"हिरवी म्हणते, पाय मोडलाच नव्हता, सुट्टीसाठी सोंग होतं," नर्स सांगत होती. "केशरी म्हणते, त्याने जन्मभर लोकांना वर पोचवलं, एकदा तरी स्वतःच्या पायांनी जायचं होतं. शिसपेन्सिल नुसतीच 'अरेरे' लिहिते. पण मी हाडांच्या वॉर्डात असते. प्लास्टर घालून कुणी उगाच सात मजले चढत नाही. वर कुणीतरी वाट बघत होतं. ते कोण, हे मी दर वेळी शोधते."

तिन्हींपैकी एकही कारण लेखकाला सुचलं नव्हतं, आणि तिन्ही त्याच्या कादंबरीपेक्षा सरस होती.

"मग लेखकालाच विचारा की," बाई म्हणाल्या. "हे काय, इथेच—"

"छे छे! ते आम्ही पुस्तकाच्या दुसऱ्याच फेरीत ठरवलंय. शेवटच्या पानावर लिहिलंय बघा. लेखक भेटला तरी विचारायचं नाही. त्याने सांगून टाकलं की संपलं सगळं."

बाईंचं बोट हवेतच राहिलं. ते लेखकाकडे वळलेलं होतं, म्हणून नर्सनेही वळून पाहिलं. "तुम्ही कोण?"

हा प्रश्न कुणीतरी अनोळखी माणसाने विचारावा म्हणून तो दोन वर्षं थांबला होता. उत्तर तर आरशासमोर पाठ करून झालं होतं. त्याने घसा खाकरला.

"मी... नंबर लावायला आलोय," तो म्हणाला. "या पुस्तकासाठी."

"या की! पण पेन्सिल वेगळी आणा हं. निळी अजून कुणी घेतलेली नाही."

"निळी मी घेतली," ग्रंथपालबाई पान उलटता उलटता म्हणाल्या. त्या कधीच एकशे तेरावर पोचल्या होत्या. शिक्का त्यांनी खणात टाकला आणि समितीच्या कागदावर लिहिलं, 'चौकशीअंती नातेवाईक आढळले नाहीत.' मग वर न बघता म्हणाल्या, "पाचवा नंबर माझा. काका, तुम्ही जांभळी बघा. तीन महिने तरी लागतील."

कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानात लेखकाने जांभळ्या रंगाच्या सहा पेन्सिली कागदावर ओढून पाहिल्या आणि त्यांतली सगळ्यात गडद उचलली.

"नातीसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," लेखक ताठ उभा राहून म्हणाला. "माझा सहावा नंबर आहे."