केसांची साक्ष

केस कधी खोटं बोलत नाहीत, असं सलूनच्या आरशावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याच आरशात बघून मालक रंगनाथने आधी आपल्या मिशांना कलप लावला आणि मग कात्री उचलली.

खुर्चीत चिमोटे मास्तरांची चुळबुळ चालली होती. कापलेले केस हल्ली कचऱ्यात जात नसत. खुर्चीखालचं मशीन ते गिळायचं आणि सहा महिन्यांत माणसाने काय काय खाल्लं, ते थेट बायकोच्या मोबाइलवर कळवायचं.

"थोडे केस खिशात टाकू का रे? आठवण म्हणून?"

"मान हलवू नका, मास्तर. गुन्हा आहे तो."

मास्तरांना साखर वर्ज्य होती. त्यांना सोबत म्हणून पत्नी सुमतीबाईंनीही गोड सोडलं होतं. मास्तर मात्र शाळा सुटली की रोज जिलबी हाणत होते. मशीन घुरघुरलं तसा त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, मीच सांगतो. रोज जिलबी खाल्ली मी."

"आणि मी संक्रांतीचा तिळगूळसुद्धा परत केला!" सुमतीबाईंनी फोन आपटला.

रंगनाथने मशीनचा कोरा पडदा पाहिला.

"आधी विचारायचं ना, मास्तर. तुमचे हे कलप लावलेले केस याला वाचता येत नाहीत."