हात धुतलेला माणूस

“ताई, पाणी!”

दाराजवळच्या माणसाने माशाने माखलेला उजवा हात वर धरला होता. अपोंडीच्या एका हातात कोमट पाण्याची किटली होती, दुसऱ्यात तसराळे. ती दार अडवून उभी होती, तिथून हलली नाही.

“आधी पैसे, साहेब.”

“पळून चाललो होय मी?”

अपोंडीने किटली तिरकी केली नाही.

केनियातल्या किसुमूत, सरोवराकाठच्या या खानावळीत, तिला कामाला लागून वर्ष झाले होते. पहिल्याच दिवशी मालक ओगुटूने बजावले होते, “पैसे आधी, पाणी नंतर. माखल्या हाताने कोणी पळत नाही. हात धुतलेला माणूस अर्धा रस्त्यावर असतो.” त्याच्याकडे असे धडे पुष्कळ होते. इथे ऐकू येत नाही म्हणत जो फोन घेऊन उठतो, तो गेला. खुर्चीवर कोट ठेवून जाणारा परत येत नाही. कोट जुनाच असतो. आणि जो पळेल त्याचे बिल अपोंडीच्या पगारातून.

पगारच दोन महिने थकला होता. फीसाठी शाळेने तिच्या मुलीला घरी पाठवले होते. जेवणांची गर्दी ओसरली की सगळा हिशेब चुकता करतो, असे ओगुटूने आज सकाळी आपणहून सांगितले होते. आजच कोणी पळून चालणार नव्हते.

आणि हा माणूस सकाळपासून बसून होता. काळा चष्मा उतरवला नव्हता. आधी सोडा मागवला, मग आणखी एक, मग मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली. खाताना नजर ताटात कमी, स्वयंपाकघराकडे जास्त. बाहेर त्याची गाडी दाराला लावलेली होती. आत दोघे बसले होते आणि इंजिन बंद केलेले नव्हते.

मघाशी तिने ओगुटूला गाठले होते. तो मागे भट्टीजवळ आपल्या खुर्चीत जेवत होता.

“मालक, दाराजवळचा बघितलात?”

ओगुटूने पडद्याच्या फटीतून पाहिले. घास तसाच ताटात ठेवला.

“त्याच्यावरची नजर काढू नकोस. दारातच उभी राहा. मागचं मी बघतो.” त्याने हात पुढे केले. तिने पाणी घातले, मान दाराकडे वळवून.

“अगं बाई, बाहीत चाललंय! लक्ष कुठंय तुझं?”

“त्याच्यावरच की.”

“शाबास,” ओगुटू हसून म्हणाला.

आता त्या माणसाने डाव्या हाताने खिशातून हजाराची नोट काढून टेबलावर ठेवली. “घे. आणि सुटे आण.”

अपोंडीला हायसे वाटले. सुट्यांसाठी ती मागे गेली. गल्ल्याचा खण उघडाच होता. त्यात रबरबँडखेरीज काही नव्हते.

“मालक कुठायत?” तिने भट्टीवरच्या म्हातारीला विचारले.

“त्यांना फोन आला. इथं ऐकू येत नाही म्हणाले, गेले मागल्या दारानं. बराच वेळ झाला की.”

अपोंडीने ओगुटूचा नंबर लावला. फोन बंद होता.

पडदा बाजूला झाला. चष्मेवाला आत आला. माखलेला हात त्याने अजून अंगापासून लांब धरला होता.

“लागत नाही ना? मलाही दोन महिने लागत नाहीये. जागामालकाचा माणूस आहे मी. सहा महिन्यांचं भाडं थकलंय. आज कुलूप लावायला आलोय.” त्याने उघड्या खणाकडे पाहिले. “आत आहे का विचारलं की तुम्ही लोक नाही म्हणून सांगता. म्हणून दारातच बसलो. म्हटलं, कधीतरी बाहेर पडेलच.”

“येतील ते,” अपोंडी म्हणाली. “कोट इथंच आहे त्यांचा.”

कोट खुर्चीच्या पाठीवर होता. दोन्ही कोपरे विरलेले. अर्धा मासा ताटात तसाच होता. खाली तसराळ्याची ओली गोल खूण अजून वाळली नव्हती.

ओगुटूच्या हातांवर पाणी तिनेच घातले होते.