एक्स-रेची रांग

काटोलच्या डॉक्टरांना टीबीचा संशय आला आणि त्यांनी रुपरावांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, म्हणून संत्र्यांच्या सौद्याला जातो, असं घरी सांगून ते निघाले. एक्स-रेच्या रांगेत ते खोकला दाबत उभे होते. तेवढ्यात होणारे व्याही महादेवराव समोर येऊन थांबले. रुपरावांनी हातातली चिठ्ठी घाईनं खिशात कोंबली.

"व्याहीबुवा, मी तं नुसता..."

महादेवरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच त्यांचा हात धरला.

"कळमेश्वरच्या डॉक्टरनं मलेबी इथंच पाठवलं, रुपराव. कोणाले सांगू नका. पोरगी देता न आमच्या घरी?"