सुईला भिणारा

जहाजावरची सहल तिच्या कंपनीच्या खर्चाने होती, तरी तीतून काय काय पदरात पाडायचं हे नवरा-बायकोनी घरीच ठरवून टाकलं होतं. तिला हवी होती नव्या शाखेची खुर्ची. परतीच्या आदल्या दिवशी मोठे साहेब जेवताना नाव सांगणार, आणि ते तिचंच, असं निम्मं ऑफिस धरून चाललं होतं; उरलेलं निम्मं त्याचसाठी तिला पाण्यात पाहत होतं. नवऱ्याला हवा होता जहाजाच्या गच्चीवरचा तलाव. तो पोहायला शिकवायचा. आजवरचं आयुष्य लोकांच्या पोरांच्या पोटाखाली हात धरून उभं राहण्यात गेलेलं. या वेळी फक्त स्वतःसाठी पोहायचं, म्हणून त्याने दोन नव्या चड्ड्या घेतल्या होत्या. त्यातली एक वयाच्या मानाने जरा जास्तच लाल होती.

धक्क्यावरच्या हॉलमध्ये रांग सरकत होती. साथीची लस घेतलेल्यांच्या मनगटावर हिरवा पट्टा, न घेतलेल्यांच्या पिवळा. कात्री लावल्याशिवाय निघायचा नाही, असा घट्ट.

तिने लस घेतली नव्हती. घेताच येत नव्हती. सांध्यांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी तिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद उतरवून ठेवली होती. ही लसच अंगावर उलटेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. "जा खुशाल, पण खोकणाऱ्यापासून चार हात लांब," हे वर तोंडी. ऑफिसात याचा कुणाला पत्ता नव्हता. मागे एका अधिकाऱ्याच्या छातीत दुखलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्याच्या तब्येतीची इतकी काळजी घेतली, की महिन्याभरात त्याची बदली गोदामावर झाली. तेव्हापासून तिच्या गोळ्या जीवनसत्त्वांच्या डबीत राहत.

"प्रमाणपत्र नाही? कारण?" खिडकीवरच्या मुलीने विचारलं. काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून ती सगळ्यांशीच ओरडून बोलत होती.

तिच्या पाठीला लागून हिशेब विभागातला टिपकागद उभा होता. कुठे काही सांडलं की आधी हा शोषून घेणार, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. त्याचं बोलणं एकदम थांबलं.

"वैद्यकीय कारण असेल तर त्या खोलीत जा, मॅडम," मुलगी म्हणाली. "तिथलं बाहेर कुणाला कळत नाही."

खोली हॉलच्या बरोबर मधोमध होती. दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: खाजगी वैद्यकीय चौकशी. गुप्तता इतकी कडक, की आत कोण गेलं ते शेवटच्या रांगेतूनही वाचता यावं.

पर्समध्ये तिची बोटं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होती. शेजारच्या रांगेतून मोठ्या साहेबांनी मान उंचावली. "काय हो, काय अडलं?"

"वैद्यकीय कसलं आलंय!" नवरा काउंटरवर रेलला. "मी सुईला घाबरतो. मी घेतली नाही, हिलाही घेऊ दिली नाही. लिहा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं प्रमाणपत्र त्याच्याच शर्टाच्या खिशात होतं. त्याने खिशाचं बटण लावून टाकलं.

"म्हणजे दोघांचा नकार," मुलगी म्हणाली. "तलाव बंद. जेवण खोलीतच. आणि जहाजावरच्या डॉक्टरांकडे तुमच्या तब्येतीची काहीच नोंद राहणार नाही. चालेल?"

"चालेल," नवरा म्हणाला.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

"चालेल," ती म्हणाली.

दोन पिवळे पट्टे आवळले गेले.

"अहो दाजी," टिपकागदाला कंठ फुटला, "मग हे दंड काय नुसते दाखवायला कमावलेत?" हॉल खदखदला. नवराही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आणि हसता हसता माणसं मागे सरली. आधी टिपकागद, मग त्याची बायको, मग मागची सगळी रांग. दोघांभोवती मोकळी जागा पडली. डॉक्टरांनी सांगितलेले चार हात असे आयतेच मिळाले. सकाळपासून पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात त्या मोकळ्या जागेत मोठे साहेब शिरले.

डोळे लाल, नाकाला रुमाल. "तुम्ही व्हा लांब, मला कसली भीती!" त्यांनी मनगट उंच धरून हिरवा पट्टा सगळ्यांना दाखवला. मग वळून मुठीत खोकले. एकदा, दोनदा, खोलवर. "एसीने घसा धरलाय, बाकी काही नाही." आणि तोच हात त्यांनी तिच्यापुढे केला. "नव्या शाखेला घाबरट नवरा चालेल. घाबरट प्रमुख नाही चालायची. काय?"

टिपकागद टाचा उंचावून बघत होता.

एक पाऊल मागे घेतलं असतं तरी साऱ्या हॉलला कळलं असतं. तिने हात दिला. तो हात गरम होता, आणि ओला.

साहेबांना थट्टेला एक नवरा मिळाला, टिपकागदाला परतीपर्यंत पुरेल एवढी बातमी. नवऱ्याचा तलाव गेला, पण ते त्याने मोजलंच नाही. साहेब बोलत होते, खोकत होते, हात सोडत नव्हते. ती मान डोलवत हसत होती, ओठ मिटून, श्वास धरून, पोहण्याच्या पहिल्या दिवशी नवरा पोरांना शिकवतो अगदी तशी.

नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता. माणसाला पाण्याखाली किती वेळ राहता येतं, हे त्याला नेमकं माहीत होतं.