घासलेलं कमळ

चांगुणाचं गाठोडं ओसरीवर सोडलेलं होतं. दोन लुगडी, एक घोंगडी, पुडीत बांधलेली हळद. थोरली जाऊ बनुबाई एकेक घडी झटकत होती, लुगड्याचे काठ चिमटीत धरून चाचपत होती. शेजारणी कुडापलीकडून माना उंचावून बघत होत्या. चांगुणाचा भाऊ भीमा गाडी जुंपून दारात उभा होता. बहिणीला कायमची घेऊन जा, असा निरोप बनुबाईनंच त्याला धाडला होता.

हे सगळं एका नाण्यापायी. वीस पैशांचं, पिवळं, कमळाचं नाणं. त्या कमळामुळे कितीतरी घरांनी ती नाणी लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यात बसवली होती. बनुबाईला सत्तर साली मिळालेल्या नाण्यावर मात्र अक्षरं दुहेरी उमटली होती. तीन वर्षं तिनं ते मनोभावे पुजलं. मग शेवगावच्या बाजारात कळलं, की असल्या चुकीच्या छापाला नगरचे याकोब मास्तर तीनशे रुपये देतात. तिनं मास्तरांना बोलावणं धाडलं, आणि नाणं उजेडात धरलं. अक्षरं एकेरी होती.

नाणं कोणीतरी बदललं होतं. घरात बायका दोनच. एक ती स्वतः, आणि स्वतःवर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. दुसरी ही धाकटी जाऊ, नुकतीच माहेरून नवं लुगडं नेसून आलेली. चांगुणाचा नवरा साखर कारखान्यावर कामाला होता. तिची बाजू घ्यायला घरात कोणी नव्हतं.

"भावानं घेतलंया ते लुगडं, आक्का. पंचमीला."

"आन् भावानं पैकं कुटनं आनलं?"

भीमाचे कान तापले. पण बहिणीकडे बघून तो जुवाची दोरी आवळू लागला.

तेवढ्यात याकोब मास्तर आले. नगरला चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, खिशात भिंग बाळगणारे गृहस्थ. ते नाणं विकत घ्यायला आले होते. इथं तर भांडण फुकट मिळत होतं.

बनुबाईनं नाणं त्यांच्यापुढे टाकलं. "हे माजं न्हवं. माजं हिनं इकलं." कोणाला विकलं असेल, याचाही अंदाज तिच्या नजरेत होता, आणि ती नजर मास्तरांच्या खिशावर होती.

मास्तरांनी भिंग लावलं. बराच वेळ नाणं फिरवून पाहिलं.

"घरातले देव कोण घासतं?"

"मीच. दर शुक्रवारी, चिंच आन् राख लावून. हिच्या हातानं देव उजळत न्हाईत. हिला देव्हाऱ्याला हात लावू देत न्हाई मी. पन मी रानात गेल्यावर ही काय करती, कोन बघतंय?"

"बाई, नाणं बदललेलं नाही. हे तुमचंच आहे."

"मंग अक्षरं काय उडून ग्येली?"

"तुम्हीच घासून काढलीत. खरी चूक नाणं पाडायच्या ठशातच असते. तिची दोन्ही अक्षरं सारखी जाड, ती अशी जात नाहीत. तुमच्या नाण्यावर ठसा नुसता सरकला होता. भिंतीवर हळदीचा हात उमटवताना तळवा सरकला, की बोटाशेजारी फिकट बोट दिसतं ना? तेवढंच ते. त्याला कोणी काही दिलं नसतं."

"ह्यास्नीबी फितवलंय हिनं!" बनुबाई शेजारणींकडे वळून म्हणाली.

मास्तरांनी खिशातून दुसरं कमळाचं नाणं काढलं. "हे बाजारात फिरलेलं. याची कड झिजलीय. आता तुमचं बघा. कड कोरी आहे, खाचेत कुंकू आहे. झिजलंय ते फक्त मधलं कमळ आणि त्याच्या लगतची अक्षरं. जरा अंगठा ठेवा तिथं."

बनुबाईनं तोऱ्यात अंगठा ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. झिजलेली जागा तिच्या अंगठ्याखाली नेमकी झाकली जात होती.

तीनशे रुपये गेल्याचं तिला वाईट वाटलंच. पण चांगुणाकडे मान वर करून बघवेना, ते त्याहून वाईट होतं. ती आत गेली आणि चिंचेची वाटी घेऊन आली. वाटी तिनं चांगुणापुढे ठेवली.

"उद्यापास्नं देव तू घास."

चांगुणानं वाटीकडे पाहिलं, मग दारातल्या गाडीकडे.

"घासंन की. पन आक्का, गाठोडं तुमी सोडलंया. ह्या समद्यांम्होरं तुमीच बांधा, आन् आत न्हेऊन ठिवा."

बनुबाई खाली बसली. एकेक घडी पुन्हा घातली, गाठ मारली आणि गाठोडं उचलून आत नेलं. तेव्हा कुठं भीमानं बैल सोडले.